एडवणच्या खडकावरचं जहाज

नाशिकहून जव्हारमार्गे आलेली एसटी पालघरला थांबली तेव्हा मी गाढ झोपेत होतो. जाग आली ती थेट बोईसरला. शेजारी बसलेला कारखान्यातला कामगार म्हणाला, "चाचा, पालघर तो कब का गया." परत पालघरला आलो, दुसरी बस धरली आणि केळवे, दांडा करत उन्हं कलताना एडवणला उतरलो. हा सगळा खटाटोप कालवांसाठी (समुद्रातल्या खडकाला चिकटलेली शिंपली). माझी धाकटी मावसबहीण सुमन त्यांचं जे कालवण करते, त्यासाठी मी बोईसरहून चालतही आलो असतो.

"दादा, कालवं नाय," पाण्याचा तांब्या हातात देतानाच तिने सांगितलं. "खडकावर तेल हाय."

सुरूच्या बनातून तिच्यामागे किनाऱ्यावर गेलो. इंजिन बंद पडलेलं एक मालवाहू जहाज वाहत येऊन खडकावर कलंडलं होतं. त्यातलं इंधन वाळूपर्यंत पोचलं होतं आणि समुद्राला गॅरेजचा वास येत होता. जहाजाभोवती तटरक्षक दलाने नारिंगी तरंगता बांध घातला होता. इकडे काठावर गावातली माणसं तहसील कार्यालयातल्या एका साहेबांच्या देखरेखीखाली काळी वाळू खरवडून गोण्यांत भरत होती. साहेबांनी मला समजावलं, "पाण्यातलं तेल तटरक्षक दलाकडे, किनाऱ्याला लागलं की जिल्हा प्रशासनाकडे."

"आणि लाटेवर असलं तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातात हातमोजे दिले.

कालवं विकून येणारे पैसे सुमनचे हक्काचे होते, ते आता बुडाले होते. पण तिचं दुःख त्याहून मोठं होतं. तिचा नवरा तेलवाहू जहाजावर खलाशी. परदेशातल्या एका बंदरात त्याच्या जहाजातूनही तेल सांडलं होतं. मालकांकडून भरपाईची हमी मिळेपर्यंत जहाज हलवायचं नाही, असा तिथला कायदा. रिकामं जहाज सोडता येत नाही, म्हणून माणसंही तिथेच. गौरी-गणपतीला येणार होता, तो सण केव्हाच सरला. रोज संध्याकाळी त्याचा फोन येई आणि "लवकर येतो" म्हणून संपे.

खडकावरच्या जहाजावरही राखणीला मोजकीच माणसं ठेवली होती. त्यातला बिजय नावाचा, दाढी पिकलेला ओडिशाचा खलाशी गोडं पाणी न्यायला सुमनच्या विहिरीवर आला. तिने त्याला बसवून घेतलं आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं वाढलं.

"घर में क्या बताया?" तिने आपल्या हिंदीत विचारलं.

"बोला, जल्दी आऊँगा."

सुमनने न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सभा भरली. लोक चिडले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. साहेब म्हणाले, हमी मिळाल्याशिवाय जहाज जाणार नाही. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर सुमन उभी राहिली.

"जहाज ठेवा. माझी कालवं गेली, मलाबी भरपाई पायजे. पण माणसं सोडा."

"सुमन, तुझा नवरा अडकलाय म्हणून बोलतेस," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो, म्हणूनच बोलते."

जहाज रिकामं ठेवता येत नाही, असं साहेबांनी समजुतीने सांगितलं.

"मग दुसरी माणसं आणा. बोईसरच्या कंपनीत पाळी बदलते ना? तशी बदला."

आता टाळ्या पडल्या नाहीत, पण कुणी तिला खालीही बसवलं नाही. साहेबांनी जहाजाच्या मालकांशी बोलायचं कबूल केलं.

काय बोलणं झालं कोण जाणे, पण मी निघायच्या सुमाराला बदली माणसं आली. बिजय आणि मी एकाच बसने सफाळे स्टेशनला निघालो. सुमन सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन धावत आली. पावसाळ्याआधी नवऱ्यासाठी बांधून ठेवलेलं ते पुडकं. माझा त्याच्यावर आल्यापासून डोळा होता. तिने ते बिजयच्या हातात दिलं.

"आणि मला?"

"तू नाशिकच्या बाजारात घे."

बस वळेपर्यंत ती थांब्यावरच उभी होती. ती मला निरोप देत नव्हती, आणि खरं तर बिजयलाही नाही. मला फार वाईट वाटलं. बिजयने पुडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी फोन केला. "कालवं आली का गं?"

"नाय. जहाज ओढून नेलं, पण खडक अजून काळे हायत."

"आणि मेहुणे?"

"लवकर येतो म्हणाले."

त्याच दिवशी मी बाजारातून बोंबील आणले आणि पुडकं बांधून डब्यात ठेवलं. वास येतो म्हणून बायको रोज बोलते. मेहुणे आले की ते एडवणला न्यायचंय. समुद्राकाठच्या घरी नाशिकहून बोंबील नेणारा मी पहिलाच शहाणा ठरेन, पण तिच्या घरी त्यांच्या नावाचं पुडकं आता उरलेलं नाही.