बोटीत पाणी भरा

भाव विचारल्यावर जो माणूस ‘इनबॉक्समध्ये या’ म्हणतो, तो लुटायला बसलेला असतो. हे मला बोटवाल्यांच्या ग्रुपांनी शिकवलं. बाकी त्यांनी जे काही शिकवलं ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

माझा धंदा जुन्या ट्रकांचे सुटे भाग घेण्याविकण्याचा. उमरग्यात हायवेच्या कडेला पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली, आता त्याच जागेवर पत्र्याचं गोदाम आहे. आमच्याकडं भाव चारचौघांत बोलला जातो, आवाज चढवून. गिऱ्हाईक चिडतं, मी चिडतो, गिऱ्हाईक दहा पावलं जातं आणि परत येतं. यात लपवायचं काय असतं?

बोट घ्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. एका तळ्यावरचं बोटिंग बंद पडलं होतं, तिथल्या शेडचं लोखंड घ्यायला गेलो होतो. मागं गवतात सोळा फुटी फायबरची बोट उताणी पडली होती. इंजिनही सोबत होतं. मालकानं सांगितलेला आकडा मी निम्म्यावर आणला. दोन तास घासाघीस केली आणि शेवटी तो रडकुंडीला आल्यासारखं तोंड करून ‘न्या’ म्हणाला. येताना ट्रकमध्ये बसून मी स्वतःवर खूश होतो.

घेण्याचं कारण बायको. पूर्वी एकदा आम्ही एसटीनं सोलापूरला चाललो होतो. नळदुर्गजवळ धरणाचं पाणी दिसलं, तेव्हा ती खिडकीतून बघत म्हणाली होती, ‘त्या पाण्यावर मुक्काम केला तर कसं वाटत असंल?’ मी तेव्हा हसण्यावारी नेलं. बोट गवतात दिसली आणि ते वाक्य आठवलं. लग्न झाल्यापासून तिला मी कुठंही फिरवलेलं नाही. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की मी बुडणारी गिऱ्हाइकं मोजत बसतो.

बोटीवर ट्रकची ताडपत्री ताणून छत केलं. झोपायला दोन फळ्या, स्टोव्ह ठेवायला लोखंडी खोका. पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून परवानगीचा कागद आणला. नळदुर्गच्या धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेनं दोन रात्री, तीन दिवस जायचं असं ठरवलं. बायकोनं एकच अट घातली.

‘आत पाणी दिसलं की मी उतरणार. मग परत बोलवायचं न्हाय.’

पहिल्या दिवशी आम्ही काठापासून दोनशे पावलांवर गेलो असू, तोवर फळीखाली तिची चप्पल तरंगायला लागली. ती काठाला आल्यावर उतरली, चप्पल झटकली आणि म्हणाली, ‘नीट झाली की सांगा. एकदा येईन, दुसऱ्यांदा न्हाय.’

तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. होळीनंतर धरणाचं पाणी उतरायला लागतं आणि काठाला गुडघाभर गाळ उघडा पडतो. मग बोट ढकलायलाही माणसं मिळत नाहीत. माझ्या हातात दीड महिना होता.

पाणी कुठून येतं तेच कळत नव्हतं. मागच्या अंगाला जमायचं एवढं नक्की. पण बोटीला तळावर दुसरा तळ असतो, वरून काही दिसत नाही. मी डांबर लावलं, एम-सील लावलं, ट्यूबचं सोल्यूशनसुद्धा लावून पाहिलं. मग विचार केला, जगात आपल्यासारखे बोटवाले असतीलच, त्यांना विचारू.

दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवर बसून मी फोनवर एकेक ग्रुप शोधत गेलो. पहिला होता हजारो लोकांचा, सगळा इंग्रजीत. तिथं प्रत्येक जण बोटीवर पाय पसरून मावळत्या सूर्यापुढं ग्लास धरून बसलेला. एवढे सूर्य बुडाले, पण एकाचीही बोट कधी गळालेली दिसली नाही. दुसरा ग्रुप विक्रीचा. तिथं ‘मरीन’ या शब्दाचा मला अर्थ कळला. तोच डिंक, तोच रंग, तोच नटबोल्ट. डब्यावर ‘मरीन’ लिहिलं की तिप्पट भाव. मी लिहिलं, ‘भाव इथंच सांगा, सगळ्यांना कळू द्या.’ तासाभरात मला काढून टाकलं.

तिसरा ग्रुप मराठी होता, समुद्राकाठच्या छोट्या बोटीवाल्यांचा. हा आपला वाटला. रोज सकाळी फुलांची चित्रं यायची, दुपारी मासे यायचे, अधूनमधून कुणी इंजिनाबद्दल विचारायचं आणि त्याला चार शहाणी उत्तरं मिळायची. आठ दिवस मी गप्प राहून बघितलं. माल बघितल्याशिवाय मी बोलत नाही. मग लिहिलं :

‘सोळा फुटी फायबरची बोट आहे. धरणात उभी असताना मागून पाणी घेते. कुठून घेते ते सापडत नाही. उपाय सांगावा. मुक्काम उमरगा, जिल्हा धाराशिव.’

जिल्हा लिहिला ही माझी चूक.

‘धाराशिवला समुद्र कधी आला हो?’ एकानं विचारलं.

‘काका, तिकडे प्यायला पाणी नाही म्हणतात, बोट कशावर तरंगते? आश्वासनावर?’

‘चाकं लावा, शेतात चालेल.’

प्रत्येक वाक्याखाली हसणारे चेहरे. मी दात दाबून वाचत होतो. तेवढ्यात एका माणसानं लिहिलं, ‘टँकर मागवा आणि बोटीत पाणी भरा.’

त्याच्या खाली तर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

टँकर या शब्दाचं माझ्याशी जुनं वैर आहे. दुकान नवीन होतं त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर यायचा. बायका ड्रम घेऊन उन्हात उभ्या राहायच्या. एके दिवशी रेटारेटीत भरलेला ड्रम माझ्या बायकोच्या पायावर आला. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच येतं. समुद्रात हात धुणाऱ्या लोकांनी मला टँकर शिकवायचा?

मी फोन तोंडाशी धरला आणि व्हॉइस मेसेज सुरू केला. दोन मिनिटं बोललो. त्यात काय होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेसेज गेला आणि मी फोन ड्रॉवरमध्ये फेकला. काही वेळानं पाहिलं, तर ग्रुपप्रमुखानं मला काढून टाकलं होतं. पाठोपाठ त्याचा निरोप, ‘जाहीर माफी मागितलीत तर परत घेऊ.’

मी कळवलं, ‘आधी हसलेले सगळे मागतील, मग मी.’

त्यानं लिहिलं, ‘निदान शिव्यांपुरती तरी मागा.’

मी लिहिलं, ‘शिव्या परत घेतो, सूर परत घेत नाही.’

सौदा तिथंच फिसकटला. बोट गोदामामागं गाडीवर चढवून ठेवली. बायको रोज चहा घेऊन तिच्यावरून जायची, पण विचारायची नाही. त्या न विचारण्याचाच मला त्रास व्हायचा. शिवरात्र आली, गेली.

बोटीच्या गाडीचा जोड सुटला म्हणून शेजारच्या चाचांना बोलावलं. चाचा वेल्डर, सत्तरीचे. हायवेवरच्या डिझेलच्या अन् पाण्याच्या टाक्या जोडण्यात त्यांची हयात गेली. काम झाल्यावर त्यांनी बोटीवर काठी ठोकली.

‘क्या शेठ, ही गळते म्हणं?’

‘गळते. पाण्यात घातली की आत पाणी येतं. कुठून ते कळंना.’

‘पाण्यात कायको घालते? टाकी कशी बघतो मी? पाण्यात नेऊन बुडवतो का?’

‘मग?’

‘आत पाणी भरतो. बाहीरनं फिरून बघतो. जिथनं ठिपकतंय, तिथं भोक. एवढी वरसं धंदा करून हे म्या सांगायचं तुमाला?’

मी पंक्चरवाला. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे, हेच माझ्या हाडात. उलटं करून बघावं हे मला महिनाभर सुचलं नव्हतं. आणि मग ते टँकरचं वाक्य आठवलं. मी फोन काढला. ग्रुपमधून काढलं तरी जुनं बोलणं राहतं. ‘टँकर मागवा आणि बोटीत पाणी भरा.’ त्याखाली चेहरे. त्याखाली माझा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. आणि त्याच्याही खाली, मला काढल्याच्या ओळीच्या जरा वर, त्याच माणसाचं आणखी एक वाक्य, जे मी कधी वाचलंच नव्हतं :

‘वीतभरच भरा, जास्त नको. म्हणजे कुठून गळतं ते बाहेरून दिसेल.’

माणूस खरं सांगत होता. हसले ते बाकीचे. मी शिव्या सगळ्यांना मिळून दिल्या, आणि त्यात पहिली त्याला.

‘काय झालं?’ चाचांनी विचारलं.

‘काही नाही. टँकर मागवा.’

टँकर आला. बायको गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. पाइप बोटीत सुटलेला बघून म्हणाली, ‘माणसांना रांगेत उभं राहावं लागायचं. बोटीचा मान मोठा.’

वीतभर पाणी झाल्यावर चाचा आणि मी खाली वाकलो. मागं, इंजिन टांगतात त्या फळीखाली रंगाचा एक चट्टा होता. तिथून आधी पांढरट फेस आला, मग थेंब, मग धार. मी नख घातलं. रंगाखाली मऊ लागलं. नख नाकाशी नेलं.

साबण.

जुन्या नटबोल्टाचं भोक साबणानं बुजवून वरून रंग फासला होता. डिझेलची टाकी गळते तेव्हा ट्रकवाले साबण दाबतात, तो प्रकार मला पाठ आहे. तसल्या दोन टाक्या मी स्वतः खपवल्याही आहेत. आणि त्या रडकुंडीच्या तोंडाच्या माणसानं मला दोन तास भाव पाडू दिला, मागच्या बाजूला मात्र जाऊ दिलं नाही. किळस आली; त्याची किती आणि माझी किती, ते मी मोजलं नाही. चाचा मात्र हसत खाली बसले. ‘शेर को सव्वाशेर मिला,’ म्हणाले.

भोक खरवडून आतून-बाहेरून फायबर चढवलं, ‘मरीन’ न लिहिलेलं. दोन दिवस वाळू दिलं. होळीच्या आधल्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी दुपारी एका बाभळीच्या सावलीला बोट बांधली. बायकोनं फळी उचलली, हात आत घालून तळ चाचपला आणि तळहात उन्हात धरून बघितला.

‘कोरडं हाय,’ म्हणाली. मग पाय पाण्यात सोडून बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘त्या माणसाला कळवलं का?’

‘कशाला? बाकीचे हसत होते तेव्हा त्यानं तोंड उघडलं का?’

‘माझा अंगठा चेचला तवा तुम्ही टँकरवाल्याची कॉलर धरून भांडत बसला होता. मला दवाखान्यात पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं नेलं. तिला तरी अजून काही म्हणलात का?’

त्या बाईचा चेहराही मला आठवत नव्हता.

मग फोन काढला, जुन्या बोलण्यातून त्याचा नंबर उघडला. माफी लिहिली, पुसली. परत लिहिली, परत पुसली. शेवटी लिहिलं, ‘धाराशिवचा बोटवाला. टँकर मागवला. बोट आता गळत नाही. तुम्हाला बोललो ते चुकलं. बाकीच्यांना बोललो ते नाही.’

वाटलं, उत्तर येणार नाही. मी तरी दिलं नसतं. पाच मिनिटांत आलं.

‘कुठून गळत होती?’

बस, एवढंच. शिव्यांचा उल्लेख नाही, उपकाराची भाषा नाही. इतके ग्रुप पालथे घातले, पण बोटीबद्दल मला उलट प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. मी लिहिलं, ‘इंजिनाच्या फळीखाली. भोकात साबण भरून रंग दिला होता.’

‘आमच्याकडेही साबणच लावतात,’ त्यानं लिहिलं. ‘मीही घेतली आहे तशी एक.’

मी फोन बायकोपुढं धरला. तिनं वाचलं.

‘म्हणजे समुद्राकाठचे चोर पण आपल्यासारखेच,’ ती म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडायला लागली.

‘आपल्यासारखे’ म्हणजे कुणासारखे, ते मी तिला विचारलं नाही.