बिनआवाजाचा सुरुंग

आमच्या साडूंइतका स्फोटाचा जाणकार साऱ्या सातारा-सांगली पट्ट्यात नव्हता, आणि त्यांनी जन्मात साधी टिकली फोडली नव्हती. सुरुंग उडवायचो मी. पंचाहत्तर सालच्या सुमाराला कवठे महांकाळकडे विहिरी फोडून मी स्वतःच्या हिमतीवर घर उभं केलं. साडू साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत येऊन मला स्फोट शिकवायचे. तेही अवकाशातले! तिथे हवा नाही, म्हणून आवाज नाही. धुराचा लोट वर जात नाही, सगळं चेंडूसारखं चहूकडे फुगतं, आणि उडालेला तुकडा थांबतच नाही. हे दाखवायला त्यांनी एकदा भर पंगतीत भाताच्या मुदीवर बुक्की मारली. शितं सासऱ्यांच्या मिशीत अडकली. "इथं मिशी आडवी आली," साडू गंभीरपणे म्हणाले, "तिथं कुणीच आडवं येत नाही."

इथवर मी हसलो असतो. पण आमच्याकडे सुरुंग कानाने पारखायची रीत होती. शेजारच्या गावात भांडी हादरली तर ठेकेदार खरा. म्हणून मी पहिल्या सुरुंगाचं भोक मातीने घट्ट ठासायचोच नाही. निम्मा जोर वरच्या वर जायचा, पण आवाज असा की म्हातारी माणसं देवाचा धावा करत. आण्णा नावाच्या एका शेतकऱ्याच्या दोन विहिरींपैकी पहिलीचं काम असंच हातात आलं होतं. तिथला पहिला सुरुंग उडाला तसे आण्णा खूश झाले.

"लय भारी वाजला, गड्या! दुसरी हीर बी तूच फोड."

तेवढ्यात सुट्टीत आलेले साडू विहिरीत डोकावले. "आण्णा, आवाज म्हणजे वाया गेलेला जोर. दगड बघा की."

दगड जिथल्या तिथे होता.

"मंजी आमास्नी नुस्ता आवाज इकलास व्हय रं?"

मी साडूंवर उखडलो. "साडू हाय का वैरी? जावा तिकडं, जिथं हवा न्हाई!"

"तिथं तुमचं ओरडणं ऐकू आलं नसतं," ते म्हणाले.

दुसरी विहीर अखेर मिळाली, पण अट घालून: मास्तरांनी काठावर उभं राहायचं. मी भोकं घट्ट ठासली. आवाज दबका झाला, दगड ढिगाने निघाला, आणि मी साडूंशी वर्षभर बोललो नाही. ते बरोबर होते, हे तर कधीच कबूल केलं नाही.

आता साडू नाहीत, आणि सुरुंगांनी माझे कान नेले. परवा माळावर कुणाचा तरी सुरुंग उडताना पाहिला. धूळ चहूकडे फुगली, गुरं बिथरली, आवाज मात्र कसलाच नाही. सवयीने शेजारी वळलो. कुणी नव्हतं. "बरोबर होतं तुमचं, साडू," मी मोठ्याने म्हणालो. ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.