रंग नसलेलं औषध

कर्णिक बाई. मी आज जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे, आणि हे मी कुणालाही सांगतो. पुढचं मात्र परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं – बायकोलाही नाही.

बाई आम्हाला मुरबाडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. दर शनिवारी प्रार्थनेनंतर रांगेत उभं करून आमची नखं आणि दात बघायच्या. दहावीनंतर वडील मला कामाला लावणार होते, तेव्हा बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी दातांचा डॉक्टर झालो. टेंभी नाक्याजवळ दवाखाना टाकला. आईला अजून वाटतं, मी फक्त दात उपटतो. मी काय शिकलो हे कळणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच होतं – बाई.

म्हणून हिरड्यांच्या उपचाराचं प्रकाशाचं यंत्र घेतलं तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला. निवृत्तीनंतर त्या आंबिवलीला मुलाकडे राहतात. त्यांच्या हिरड्या सुजलेल्या, रक्त यायचं, पुढचे दात हलू लागलेले. मी फोनवर सगळं समजावलं. आधी खोल सफाई करायची. मग हिरडीच्या फटीत निळं औषध सोडायचं, ते जंतूंना चिकटतं. त्यावर लाल प्रकाश धरला की औषध जागं होतं आणि जंतू मरतात. औषधाशिवाय तो प्रकाश म्हणजे नुसती बॅटरी. बाईंनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. खूश झाल्या.

त्या सुनेला, मीनावहिनींना, घेऊन आल्या. निळे डाग पडतील म्हणून घरून जुना टॉवेल आणला होता. मी सफाई केली. मग कपाट उघडलं – बाटली रिकामी. नवी मागवायची राहून गेली होती.

सांगता आलं नसतं का? आलं असतं. पुढच्या आठवड्यात या, एवढंच म्हणायचं होतं. पण बाई काळा चष्मा लावून, टॉवेल गळ्याशी धरून तयार बसल्या होत्या. आणि मला त्यांच्यापुढे विसरभोळा पोरगा व्हायचं नव्हतं. मी दिवा पेटवला.

"निळं कुठाय रे नितीन? तोंड दौतीसारखं होईल म्हणालेलास."

"आता नवीन आलंय, बाई. रंग नसलेलं."

त्यांनी विश्वास ठेवला. विज्ञान किती पुढे गेलं, असं वहिनींना कौतुकाने सांगितलं. मी पिचकारीतून साधं पाणी सोडलं, आणि वर लाल उजेड धरला.

इथवर असतं तर – नाही, इथवरही वाईटच होतं. पण दुसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा नवी बाटली आलेली होती. कपाटात, हाताच्या अंतरावर. ती काढली असती तर निळं दिसलं असतं, आणि मग ते रंग नसलेलं औषध कुठलं, हे बाईंनी विचारलंच असतं. मी ती काढली नाही. पुन्हा पाणी, पुन्हा उजेड. माझं खोटं टिकावं म्हणून मी त्यांच्या हिरड्या तशाच ठेवल्या. हे कुठल्या शब्दाने सांगू?

काही महिन्यांनी पुढचे दोन दात काढावे लागले. निळ्या औषधाने ते वाचले असते का? सांगता येत नाही. पण बाईंनी विचारलं, असं कसं झालं रे? तेव्हा मी वहिनींसमोर म्हणालो, "बाई, तुम्ही ब्रश नीट करत नाही."

वहिनी हसल्या. "घ्या. जन्मभर पोरांचे दात तपासले, आणि स्वतःचे?"

बाई हसल्या नाहीत. आपल्या हाताकडे बघत म्हणाल्या, "असेल रे. थरथरतो हल्ली."

आता रोज सकाळी वहिनी बेसिनपाशी उभ्या राहून त्यांच्याकडून दात घासून घेतात. हे बाईंनीच फोनवर सांगितलं, दातांच्या फटीतून शब्द निसटत होते. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. दवाखान्यात दिवसभर माणसं असतात, मी बोलतो, हसतो. निळी बाटली काढली की हात थांबतो.

परवा त्यांना पत्र पाठवलं. ते असं –

आदरणीय बाई,
रंग नसलेलं औषध असं काही नव्हतं. पहिल्या वेळी माझी बाटली संपली होती. दुसऱ्या वेळी ती कपाटात होती, पण खोटं उघडं पडेल म्हणून मी काढली नाही. दोन्ही वेळा मी पाण्यावर उजेड धरला. दोष तुमच्यावर टाकला, तोही वहिनींसमोर. त्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे.
तुमच्या हाताची काही चूक नव्हती. तुम्ही दात नीटच घासत होतात.
नितीन