गिळलेला ठसका
परवा फोडणीत लाल मिरच्या करपल्या आणि मोताळ्याच्या आमच्या घराचं मागचं अंगण डोळ्यांसमोर आलं. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. मोबाइलवरच्या गेममध्ये तो असा बुडाला होता की झोप गेली, जेवण गेलं. कुणी हाक मारली तर अंगावर धावून यायचा आणि मग कितीतरी वेळ रडत बसायचा. आईने ठरवलं, याला नजर लागली. एका संध्याकाळी तिने त्याला अंगणात पाटावर बसवलं, मीठ, मोहरी, मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. आमच्याकडे मानतात, नजर लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही. धूर उठला आणि बाबा खोकत खोकत फाटकापर्यंत गेले. मीही खोकले. भावाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याचे अंगठे स्क्रीनवर चालूच होते. "नजर नाही लागली याले," बाबा म्हणाले, "डॉक्टरले दाखवा लागन." आई मात्र निखाऱ्यांजवळून हलली नाही. तोंडात पदर कोंबलेला, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. जरा वेळाने घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मले कुठं लागला ठसका? नजरच हाय. उतरून जाते ते." भाऊ आता गोळ्यांवर आहे; मोबाइल सुटला, पण हसणं काही परत आलं नाही. परवा कढईतून धूर निघत राहिला. मी खिडकी उघडली नाही; तोंडावर ओढणी दाबून, ठसका गिळत तशीच उभी राहिले.