मेलेल्या नटाच्या आठ ओळी

मेलेला नट उठून प्रेक्षकांशी बोलू लागतो, तेव्हा रंगभूमी आपलं सर्वांत खरं बोलते. हे वाक्य माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. प्रबंध चौतिसाव्या पानावर थांबला. मी चाकणच्या एका कंपनीत प्रशिक्षण विभागात लागलो आणि निगडीहून कंपनीच्या बसने ये-जा करू लागलो.

विषय होता जुन्या इंग्रजी नाटकांच्या आधी आणि नंतर म्हटली जाणारी पद्यं. आधी काळा झगा घातलेला एकजण येऊन यमकांत विनवायचा, की जरा सांभाळून घ्या. शेवटी नुकतीच मेलेली नायिकासुद्धा उठून थट्टामस्करी करत टाळ्या मागायची. आपल्याकडे संस्कृत नाटकाच्या शेवटी, भरतवाक्यात, जगाचं कल्याण मागतात. त्या मानाने टाळ्या मागणं मला प्रामाणिक वाटायचं.

आमच्याकडे सुरक्षा सप्ताहात प्रत्येक विभाग नाटुकलं बसवतो. दोन वर्षांपूर्वी प्रेस शॉपने, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या विभागाने, मुख्य भूमिका लातूरकडच्या एका कंत्राटी ऑपरेटरला दिली. त्याची दोन बोटं त्याआधी तीनच महिने खऱ्या प्रेसमध्ये गेली होती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्याने काम सावकाश होतं, म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायची पद्धत होती. पाचरी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असत. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. चौकशी मात्र अजून चालू होती. चूक कोणाची ठरते, यावर तो कायम होणार की नाही, हे अवलंबून होतं.

नाटकात तो मरत होता. सेफ्टी ऑफिसर मला म्हणाले, "शेवट रडका नको राव, मोठे साहेब येणारेत. तुम्ही शिकलेले, काहीतरी जोडा."

मी एका बैठकीत आठ ओळी लिहिल्या. पहिल्या दोन अशा:

दचकू नका, मायबापहो, मेलो नाही, उठलो आहे;
माझ्याच घाईने फसलो होतो, टाळ्या द्या, मी सुटलो आहे!

तालमीनंतर तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, 'माझ्याच' काढता येईल का? नुसतं 'घाईने फसलो' चालंल की."

"वजन बिघडतं."

"अन् चौकशीत कोणी लावून धरलं तर?"

मी त्याला समजावलं, की हे पद्य नाटकाचा भाग नसतं. पात्र तिथे संपलेलं असतं. बोलणारा थट्टा करतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"मग मी कोण म्हणून बोलायचं?"

मी म्हणालो, "दुसऱ्या ओळीवर जरा थांब, हशा येईल."

शिफ्ट बदलताना कॅन्टीनमध्ये प्रयोग झाला. पांढऱ्या चादरीखालून तो उठला, दुसऱ्या ओळीवर थांबला, आणि हशा आला. "भावा, मेल्यावर लई बोलतो रं तू!" मागून कोणीतरी ओरडलं. मोठ्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षण विभागातर्फे चित्रीकरण मीच केलं, आणि सोमवारी सेफ्टी ऑफिसरांनी फाइल मागितली तेव्हा मीच पाठवली. कशासाठी हवी, हे विचारलं नाही.

चौकशीत सुपरवायझरवर काही आलं नाही. ऑपरेटरला कायम करण्याची शिफारस झाली नाही. कंत्राट संपल्यावर तो गावी गेला. जाताना त्याने गेटवर मला नमस्कार केला, तो नेहमीसारखाच. मी प्रतिनमस्कार केला आणि बसमध्ये चढलो.

पुढे नव्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी त्या चौकशीचा अहवाल माझ्याकडे आला. त्यात 'कामगाराने सर्वांसमक्ष दिलेली कबुली' या मथळ्याखाली आठही ओळी सलग गद्यात टाइप केल्या आहेत, एकाही स्वल्पविरामाशिवाय.