अर्धाच हुकूम कळला, तरी कांदा भिजवला

मी, शिवलिंग गुरप्पा मुळे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा शेती, राहणार अणदूर, आज सकाळी घडले ते जसेच्या तसे या ऑनलाइन गटापुढे मांडतो.

माझी नात गौरी हिने शेतातील तुषार संच संगणकाला जोडला आहे. त्याला द्यायचे हुकूम ती ‘मेकफाइल’ नावाच्या कामांच्या यादीत लिहून ठेवते; ‘मेक’ लिहून कामाचे नाव दिले की यंत्र ते काम करते. तिसऱ्या पट्टीतील भुईमुगाला पाणी द्यावे म्हणून मी स्वहस्ते ‘मेक पाणी ३’ असा हुकूम दिला.

तोच शेजारी मल्लिनाथ बांधावरून ओरडला, "आबा, कांद्याला आंघोळ घालायलाव व्हय?"

पाणी पहिल्या पट्टीत पडत होते. तिथे काल काढलेला कांदा वाळत होता. तो पुरता भिजल्यावर पडद्यावर उत्तर आले, की ‘३’ नावाचे काम यादीत नाही.

गौरी ओशाळली. "आबा, ‘पट्टी=३’ असं लिहायचं असतं. नुसत्या तीनला ते दुसरं काम समजतं, अन् पट्टी न्हाय सांगितली की पहिलीच धरतं. सांगायचं राहिलं माझं."

तिच्यावर माझा राग नाही. चीड आली ती या यंत्राची. हुकूम पुरता कळला नाही तर आमचा कोणताही गडी आधी विचारतो. हे आधी नासाडी करते, मग कळले नाही म्हणते. आता हा कांदा साठवणीच्या चाळीत टिकणार नाही.

आपणांपैकी कोणी असा नोकर दारात उभा केला असता काय?

समक्ष हजर: नात गौरी, शेजारी मल्लिनाथ.