नेब्रास्काचं फुटलेलं मत

आखातात मुसफ्फाच्या कामगार वसाहतीतल्या खोलीत फोरमन धरून आम्ही पाच जण राहतो आणि एसीचा रिमोट असतो आमच्या फोरमनच्या उशाखाली. "कसं आहे, बिल कंपनी भरते," म्हणत तो एसी असा सोडतो, की डाळ सुरीनं कापून खावी लागते आणि पाली आमच्या गोधडीत शिरतात.

अमेरिकेच्या गेल्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यानं पैज लावली. "नेब्रास्का म्हणजे मका पिकवणारं राज्य. अध्यक्ष निवडायला त्या राज्याची पाच मतं, ती पाचही एकाच पक्षाला जाणार. एक जरी फुटलं, तर रिमोट तुमचा. खलास."

निकाल आला चार विरुद्ध एक.

"फुटला कोण तो? नाव काय त्याचं?"

"फोरमन, तो एक माणूस नाही," मी म्हणालो. "तिथे एकेका भागाचं वेगळं मत धरतात. ओमाहा शहराचा भाग दुसरीकडे गेला."

"म्हणजे शहरात राहणारी भावकी. बांधावरून वाजलं असणार."

रिमोट मात्र सोडेना. "कसं आहे, परक्यांच्या भांडणात आपला रिमोट कशाला? आपलीही पाच मतं आहेत. टाका चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या त्यानंच उघडल्या. पहिलीत लिहिलं होतं, 'फोरमनकडून रिमोट काढून घ्या.' पुढच्या तिन्हींत तेच. पाचवीतही तेच, आणि अक्षर चक्क त्याचं स्वतःचं.

दोन ब्लँकेटांतून लालबुंद नाक बाहेर काढून तो म्हणाला, "कसं आहे, आपल्या खोलीत कुणी फुटता कामा नये."